रोलर क्रमांक एकतीस

४ ऑक्टोबर २०२३, धुळे

नवी वही आहे, म्हणून सुरुवातीची नोंद नीट करून ठेवते. काल राजीनामा मंजूर झाला. जळगावात डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं होते, सगळी तपासणी विभागात. आता स्वतःचा कारखाना काढायचा आहे.

काम एकच. तुरीचं साल काढायला मिलमध्ये जो लांबट रोलर फिरतो, त्यावर एमरीचा, म्हणजे खरखरीत दगडी दाण्यांचा थर असतो. हंगामात तो झिजतो. मग जुना थर उतरवून नवा चढवावा लागतो. जळगावात हे काम एका गल्लीत होतं. सात-आठ शेड, प्रत्येकात एक मिस्त्री, सगळं हाताच्या अंदाजावर. मी ते मापात करणार.

जागा धुळ्यात की जळगावात, यासाठी तक्ता केला. दहा मुद्दे, प्रत्येकाला गुण. मिल जळगावात जास्त आहेत हे खरं. पण धुळ्यात सरकारी वसाहतीतला प्लॉट अर्जावर मिळतो, सवलती जास्त, दोन मोठे हायवे इथेच मिळतात आणि माझा नवरा युवराज इथल्या कॉलेजात शिकवत असल्यामुळे घरही इथेच. जळगावच्या गल्लीत भाड्याने शेड मिळेल का, हे ऑगस्टमध्ये तीन ठिकाणी विचारून आले होते. तिघांनीही आधी आडनाव विचारलं आणि मग शेड दिली गेल्याचं सांगितलं. गेल्या आठवड्यात तिथून गेले तेव्हा तिन्ही दारांना तीच कुलपं होती. तक्त्यात त्या मुद्द्यापुढे 'उपलब्ध नाही' असं लिहिलं.

धुळे एकाहत्तर, जळगाव अठ्ठावन्न.

युवराजने तक्ता शेवटपर्यंत वाचला. गणित बरोबर आहे म्हणाला. मग विचारलं, "मगन आबांना कुठल्या रकान्यात धरलंस?"

माणसं तक्त्यात धरत नाहीत, असं मी सांगितलं.

९ ऑक्टोबर

जळगावला जाऊन मगन आबांना भेटले. अमळनेरकडचे, वय बासष्ट. चाळीस वर्षं रोलरच करतात. कारखान्यात त्यांचे रोलर तपासणीला माझ्याकडेच यायचे. अकरा वर्षांत मी दोनच परत पाठवले, आणि दोन्ही वेळा ते स्वतः येऊन का म्हणून विचारून गेले होते.

त्यांना धुळ्याला कामावर येण्याबद्दल विचारलं. पगार, राहण्याची सोय, सगळं कागदावर नेलं होतं. त्यांनी कागद वाचून दुमडला, मला परत दिला आणि चहा सांगितला. तेवढ्यात समोरच्या शेडमधून कोणी पाना मागायला आलं. नंतर शेजारचा मिस्त्री मुठीत एमरी घेऊन आला, दाणा जाड वाटतो का विचारून गेला. आमचं बोलणं असं तीनदा तुटलं.

शेवटी ते म्हणाले, "दुकान तू तठे टाकशी बेटा, पन काही अडनं ते ईचारशी कोनले?"

मी म्हणाले, माझ्याकडे पुरवठादाराचं पत्रक आहे, मोजमापाची साधनं आहेत. वय झालं की माणूस जागा सोडायला कचरतो.

२१ नोव्हेंबर

शेड तयार झाली. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या, उजेड भरपूर. जुना पण चांगला लेथ मिळाला.

कोकिळा आजपासून कामावर. साक्रीकडच्या गावची, वय अठ्ठावीस. नवरा धुळ्यात टेम्पो चालवतो. आधी फरशीच्या कारखान्यात मिश्रणावर होती. बोलते कमी.

आपलं मिश्रण तीन गोष्टींचं. एमरीचे दाणे, मॅग्नेसाइटची पूड आणि क्षाराचं पाणी. प्रमाण पुरवठादाराच्या पत्रकात दिलेलं आहे. कोकिळा हातमोजा काढून मिश्रण चिमटीत घेऊन बघते. तिला थर्मामीटर आणि घड्याळ वापरायला शिकवलं. ती दोन्ही वापरते. नंतर चिमटीत घेऊनही बघते.

१५ डिसेंबर

माहितीपत्रक चौसष्ट मिलना पाठवलं होतं. आज पहिलं काम आलं, तेही जळगावहून. लीलाधरशेठ यांच्या मिलमधून तीन रोलर टेम्पोने आले. त्यांच्या मुनीमजींनी फोनवर सांगितलं की मगन मिस्त्रींना या महिन्यात वेळ नाही. मी विचारलं, आमचं पत्रक मिळालं ना? ते म्हणाले, कुठलं पत्रक? शेठनी वाचलं असावं.

८ जानेवारी २०२४

लेथचं बेअरिंग गेलं. धुळ्यात दोन दिवस शोधलं. यंत्रमागाला लागणारी मिळतात, ट्रॅक्टरची मिळतात, या मापाचं कोणाकडे नाही. जळगावच्या दुकानातून एसटीच्या पार्सलने मागवलं, ते चुकीचं आलं. आज स्वतः गेले. दुकान त्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मालकाने मागच्या फळीवर न बघताच हात घालून बेअरिंग काढलं आणि म्हणाला, लेथ जुना घेतला असेल तर पुलीही बघून घ्या. परत येऊन पाहिलं तर पुली झिजलेली.

चार दिवस काम बंद. अपवादात्मक घटना म्हणून नोंद.

१९ फेब्रुवारी

एकवीस रोलर पूर्ण झाले. तक्रार एकही नाही. जळगावच्या आणखी दोन मिल आल्या. एकीने सांगितलं, मगन मिस्त्रींचा हात दुखतो. दुसरीने सांगितलं, मिस्त्री लग्नासाठी गावी गेलेत. शनिवारी मी जळगावला एमरी घ्यायला गेले तेव्हा आबा शेडमध्येच होते आणि एकट्याने रोलर घोडीवर चढवत होते. हात बरा झाला असेल.

मापात केलेलं काम गिऱ्हाइकाला कळतं, असं यातून दिसतं. युवराजला हे सांगितलं तर तो नुसता हसला.

कोकिळा गावाहून येताना पिठाच्या गिरणीच्या दगडाचा फुटका तुकडा घेऊन आली. "ताई, हे आपलंच ना?" म्हणून विचारलं. होतं, तेच मिश्रण, फक्त दाणा वेगळा. मी सांगितलं की हा आपला माल नाही. तिने तुकडा टाकला नाही, डब्याच्या पिशवीत ठेवला.

१४ एप्रिल, दीपनगर

जयंतीसाठी बाबांकडे आले आहे. वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ते कॉलनीच्या बाहेर राहतात. पूर्वी आमच्या घरात सगळ्यांना एकच माहीत होतं, नोकरी कुठे निघते ते. बाबांनी माझं व्हिजिटिंग कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि सकाळपासून चार जणांना दाखवलंय.

हंगामाचं काम अडू नये म्हणून कोकिळाने आज शेड चालू ठेवली. दुपारी एक वाजता तिचा फोन आला.

"ताई, थर हाताखाली बसत नाहीये. पसरायच्या आतच आळतंय. थांबू का?"

तापमान विचारलं. शेडमध्ये त्रेचाळीस. प्रमाण विचारलं, ते बरोबर होतं. सुकायचे दिवस धरता दोन रोलरचा थर आजच चढायला हवा होता. मी तिला पत्रकाप्रमाणे पूर्ण करायला सांगितलं.

मिरवणूक पाचला निघाली. बाबा पुढच्या रांगेत होते.

२२ मे, जळगाव

आज सकाळी साडेदहाला लीलाधरशेठच्या मिलमध्ये चालू रोलरचा थर सुटला. वीतभर तुकडा जाळी फाडून बाहेर आला आणि मशीनवर उभ्या असलेल्या अभिमनला लागला. डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं. वय चौपन्न. बावीस वर्षं त्याच मशीनवर आहेत.

रुग्णालयात गेले. अभिमन शुद्धीवर होते. मला पाहून म्हणाले, "एवढ्या उन्हाच्या कशाला आल्या मॅडम?" त्यांच्या बायकोने माझ्यासाठी खुर्ची पुसली. डॉक्टरांनी सांगितलं की चार बोटं वर लागलं असतं तर प्रश्न वेगळा होता.

नंतर मिलमध्ये गेले. डाळीचा सगळा ढीग बाजूला काढला होता. त्यात एमरीचे दाणे मिसळलेले, ती डाळ आता कोणी खाऊ शकत नाही. लीलाधरशेठ ओरडतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुमचं पत्रक मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "डिसेंबरात मगन मिस्त्री स्वतः येऊन बसला होता, तुम्ही बसलात तिथेच. म्हणाला, या पोरीला काम द्या, काही झालं तर माझ्या नावावर धरा. म्हणून दिलं."

बाकीच्या दोन मिलनाही त्यांनीच सांगितलं असणार. हात दुखत नव्हता.

२३ मे, धुळे

रजिस्टर काढलं. सुटलेला रोलर क्रमांक एकतीस. थर चढवल्याची तारीख १४ एप्रिल. माप बरोबर, वजन बरोबर, समतोल बरोबर. शेऱ्याच्या रकान्यात कोकिळाचं अक्षर: 'गरम. ताईंना विचारलं.'

ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं होतं. कोकिळा लेथ पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

१ एप्रिलनंतर गेलेल्या सगळ्या रोलरच्या मिलना फोन करून मशीन थांबवायला सांगितलं. एकूण नऊ. दोघांनी ऐन हंगामात थांबवणार नाही म्हटलं, तिथे संध्याकाळच्या आत स्वतः जाऊन उभी राहिले. दोन्ही रोलर काढून टेम्पोत घातले.

३० मे

मगन आबा एसटीने धुळ्याला आले. मी बोलावलं नव्हतं. शेडमध्ये परत आलेले रोलर रांगेत ठेवले होते. त्यांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि एकेका रोलरवर वीत वीत अंतराने टोकत गेले, कान जवळ नेऊन. पाचांचा आवाज खणखणीत होता. चारांचा मध्येच बद्द झाला. मी वजन केलं होतं, समतोल पाहिला होता, कठीणपणा मोजला होता. टोकून ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि हात लावून पत्रा पाहिला. सांगितलं ते असं: गुढीपाडवा झाला की गल्लीत सकाळी आठनंतर कोणी थर चढवत नाही. क्षाराच्या पाण्याच्या ड्रमला ओलं बारदान गुंडाळून ठेवतात. पश्चिमेची हवा शेडमध्ये येऊ देत नाहीत. दुपारी लेथचं काम करतात किंवा झोपतात. कोणी नवा माणूस दुपारी मिश्रण करताना दिसला तर समोरचा येऊन थांबवतो.

मी विचारलं, "हे कुठे लिहिलेलं आहे का, आबा?"

"लिखेल कोठेच नही. बठ्ठी गल्लीले माहीत शे."

मग मला काम का पाठवलं ते विचारलं. यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. ते स्वतः उस्तादाला सोडून निघाले तेव्हा पहिले तीन रोलर उस्तादानेच पाठवले होते. गल्लीतले सगळे तसेच सुरू झाले. अन् उन्हाचं का सांगितलं नाही, असं विचारल्यावर मात्र त्यांनी हातोडी खिशात ठेवली.

"तू ईचारं नही, अनं मी सांगं नही. दोन्हीस्नं चुकनं."

कोकिळा त्यांच्या मागे उभी राहून एकेक रोलर बोटाच्या पेराने टोकून बघत होती.

१७ जून

नवा तक्ता करायला घेतला होता. तिसऱ्या मुद्द्यावर सोडून दिला.

जळगावला जायचं ठरलं. आबा त्यांची अर्धी शेड देतायत. शेड त्यांच्या स्वतःच्या मालकीची असल्याने कोणाला विचारायचा प्रश्न नाही. धुळ्याचा प्लॉट आणि सवलती अटीप्रमाणे सोडाव्या लागतील, तसा अर्ज दिला. कार्यालयातल्या साहेबांनी कारण विचारलं. 'शेजार नाही' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडून 'वैयक्तिक कारण' लिहायला लावलं.

युवराज म्हणाला, रोज धुळे-जळगाव करण्यापेक्षा दोघांच्या मध्ये कुठेतरी घर बघू. रविवारी एरंडोलला जाऊन दोन खोल्या ठरवूनही आला. एरंडोल मध्यावर नाही, जळगावच्या बरंच जवळ आहे. त्यालाच प्रवास जास्त पडेल. त्याने नकाशा नीट पाहिला नसावा.

५ ऑगस्ट

कोकिळा जळगावला येणार नाही. हे सांगताना ती जितकं बोलली तितकं आठ महिन्यांत बोलली नव्हती.

तिला गिरणीचे दगड करायचे आहेत. साक्री रोडला दिरांची शेड रिकामी आहे. गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांचे दगड बाहेरच्या राज्यातून येतात, वाटेत फुटतात, बदलून मिळायला महिना लागतो. शिवाय डोंगराकडच्या गावांत नागली म्हणजे नाचणी दळतात, त्या दळणाला बारीक दाणा हवा. मक्याला जाड हवा. बाहेरून येणारे दगड सगळे एकाच दाण्याचे. साक्रीच्या बाजाराच्या दिवशी ती फेब्रुवारीपासून गिरणीवाल्यांना विचारतेय. दोंडाईचापर्यंत जाऊन आली, नवऱ्याच्या टेम्पोतून. सत्तावीस गिरण्या तिने वहीत लिहिल्या आहेत, कुठे कोणतं धान्य जास्त येतं त्यासकट.

मी सांगितलं की गिऱ्हाईक लहान आणि विखुरलेलं आहे, हा धंदा टिकणं अवघड. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, डाळमिल तिकडे आहेत म्हणून तुम्ही तिकडे चाललात. गिरण्या इकडे आहेत."

मिश्रणाचा ड्रम जळगावला नेणं गैरसोयीचं होतं, तो तिला देऊन टाकला. दोन साचेही दिले, ते तसेही पडूनच राहिले असते.

१९ ऑगस्ट

दोंडाईचाहून एका गिरणीवाल्याचा फोन. दगड करता का म्हणून. आपला माल नसल्याने कोकिळाचा नंबर दिला. तो म्हणाला, बाईमाणूस, नवीन, भरवसा काय? मी म्हणाले, काही झालं तर माझ्या नावावर धरा. बोलण्याच्या ओघात निघून गेलं. असं काही ठरवलेलं नव्हतं.

१२ सप्टेंबर, जळगाव

गल्लीत दुसरा महिना. कामात व्यत्यय फार. सकाळपासून पाच जण काही ना काही विचारून गेले. दुपारी मी दोन ठिकाणी विचारून आले. एमरीच्या नव्या पोत्यात माती जास्त आहे, हे मला कळायच्या आत समोरच्याने येऊन सांगितलं.

गेल्या वर्षी शेड दिली गेल्याचं ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यापैकी एक जण आज माझं समतोल बघायचं स्टँड मागायला आले. दिलं, कसं वापरायचं ते दाखवलं. चांगलं आहे म्हणाले. चहा मागवला होता, तो त्यांनी घेतला नाही. आबांनी तो उचलून स्वतः प्यायला आणि त्यांच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

कोकिळाचा फोन आला. पहिल्या सहा दगडांत एक फुटला. ड्रम कुठे ठेवलाय ते विचारलं. सावलीत, ओल्या बारदानात होता. मग पाण्याचा क्षार तपासायला सांगितला. अर्धा तास बोललो.

२६ ऑक्टोबर

लीलाधरशेठच्या मिलमध्ये रोलर बसवला. मे महिन्यानंतर त्यांनी आम्हाला दिलेलं हे पहिलं काम. आबांनी शब्द टाकू का विचारलं होतं, मी नको म्हणाले. शेठकडे स्वतः गेले, काय चुकलं आणि आता काय बदललं ते सांगितलं, रजिस्टरचं ते पान दाखवलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि एक रोलर पाठवला.

थर २ तारखेला पहाटे साडेसहाला चढवला. चोवीस दिवस सुकू दिला. टोकून मी पाहिला, आबांनी पाहिला, समोरच्यानेही पाहिला.

अभिमन गेल्या महिन्यापासून कामावर आहेत. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मशीन सुरू करायची वेळ झाली तेव्हा मिलमधले बाकीचे लोक भिंतीकडे सरकले. कोणी तसं सांगितलं नव्हतं. अभिमननी उजवा हात खटक्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीही तिकडे व्हा."

मी जाळीच्या समोर, ते उभे राहतात त्या जागेच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खटका ओढला.

रोलर पूर्ण वेगाला यायला चाळीस सेकंद लागतात. हे मी कारखान्यात शेकडो वेळा मोजलं आहे. आज मोजलं नाही. माझी बोटं ओढणीत गुंतली होती, ती नंतर सोडवावी लागली.

तूर सोडली. खालून पहिली डाळ पडायला लागली. अभिमननी वाकून ती ओंजळीत घेतली, फुंकून चार दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. मग ओंजळ माझ्यापुढे धरली.

मी दोन दाणे घेतले. दाढेखाली धरून चावले. कचकच नव्हती.